लॉनमोअरचा कार्बोरेटर घरातल्याच साहित्याने कसा साफ करावा

मृगाच्या दोन-चार सरी पडून गेल्या की अंगणातली हिरवळ आठवडाभरात घोट्यापर्यंत येते आणि दिवाळीपासून जिन्याखाली झाकून ठेवलेला लॉनमोअर बाहेर निघतो. दोरी दहा-पंधरा वेळा ओढली जाते. इंजिन एक तर मुळीच दाद देत नाही, नाही तर चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी खटकी) ओढलेला असेपर्यंत धडधडते आणि चोक सोडताच मान टाकते. गॅरेजमध्ये नेल्यास मेकॅनिक काहीही न उघडता ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय’ असे सांगून मोकळा होतो, आणि बहुतेक वेळा त्याचे म्हणणे खरेही असते. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून ते मिश्रण इंजिनाला पुरवणारा भाग. हा कचरा काढायला खास रसायनाचा फवारा किंवा महागडी हत्यारे लागतातच असे नाही. एक मोकळी दुपार, घरातल्या काही जुन्या वस्तू आणि घाई न करण्याची तयारी एवढ्यावर हे काम नवख्या माणसालाही जमते.

येथे ढकलत न्यायच्या, चार स्ट्रोक इंजिनाच्या लॉनमोअरचा विचार केला आहे. होंडाचे जीएक्सव्ही १६० किंवा जीसीव्ही १६०, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनची लहान इंजिने आणि त्या धर्तीवर बनवलेली इतर बरीच इंजिने यांच्या कार्बोरेटरला तळाशी एक वाटी असते आणि त्या वाटीत फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी सांभाळणारा पोकळ तुकडा, तरंगत असतो. कोकणात आंब्या-काजूच्या बागांतून खांद्याला अडकवून जो ग्रासकटर वापरतात, त्याच्या कार्बोरेटरमध्ये बहुधा फ्लोट नसून पातळ पडदा असतो. त्याची साफसफाई निराळी असल्याने पुढील वर्णन त्याला लागू करू नये.

बिघाड होतो कसा

तळातल्या वाटीत जेमतेम काही चमचे पेट्रोल मावते. यंत्र महिनोन्महिने उभे राहिले की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे पिवळसर, डिंकासारखा चिकट थर उरतो. त्यात भर पडते इथेनॉलची. आपल्याकडे पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर पोचले, २०२३ च्या फेब्रुवारीपासून निवडक पंपांवर २० टक्क्यांचे मिश्रण मिळू लागले आणि २०२५ मध्ये तेच सर्वत्र रूढ झाले. लॉनमोअरच्या अनेक इंजिनांच्या पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचीच मुभा दिलेली असते. ज्या उसावर आपल्या अर्ध्या राज्याचे राजकारण चालते, त्याचाच अंश शेवटी आपल्या कार्बोरेटरच्या तळाशी जाऊन बसतो, असे गमतीने म्हणता येईल. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे खाली उतरतात. सर्वांत खाली काय असते, तर वाटी आणि तिच्यात बुडालेला जेट, म्हणजे बारीक छिद्रातून पेट्रोल मोजून सोडणारा छोटा पितळी भाग. त्यामुळे टाकीत वरवर पाहता स्वच्छ पेट्रोल असूनही इंजिनाच्या तोंडी पाणीच जाते, वाटीच्या पत्र्याला गंज चढतो, पितळेवर हिरवट आणि मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते.

दोष नेमका तिथेच आहे याची खात्री

पाने हातात घेण्यापूर्वी चार सोप्या गोष्टी पाहाव्यात. टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून अर्धा तास सावलीत, आगीपासून दूर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला किंवा सगळे गढूळ असले, तर टाकीसुद्धा रिकामी करून धुवावी लागेल. नाही तर साफ केलेल्या कार्बोरेटरमध्ये तीच घाण पुन्हा येईल. हवेचा फिल्टर मातीने भरलेला नाही ना, हे पाहावे. टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र बुजले असल्यास आत हवा जात नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल केल्यावर इंजिन चालत राहिले, तर कार्बोरेटरचा दोष नाही. शेवटी, बराच वेळ दोरी ओढून झाल्यावर स्पार्क प्लग काढावा. तो कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाही, हे नक्की. ओला असेल तर आधी ठिणगीचा तपास करावा.

इंजिन एका लयीत चढते-उतरते, जणू कोणी आतून गती कमी-जास्त करत आहे, हे बारीक जेट अर्धवट बुजल्याचे ठळक लक्षण आहे. एअर फिल्टरमधून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) अडकलेली असते. या दोन्ही दुखण्यांवर पुढील उपाय चालतो.

काय जमवावे

काठ असलेली मोठी परात आणि तीत अंथरायला पांढरे जुने फडके ही सर्वांत महत्त्वाची तयारी आहे. पांढऱ्या कापडावर पितळेचा छोटा भाग चटकन दिसतो आणि निसटलेली स्प्रिंग परातीबाहेर जात नाही. सुटे भाग क्रमाने ठेवण्यासाठी मोडीत काढलेले इडलीपात्र फार सोयीचे पडते; पहिल्या खळग्यात पहिला निघालेला भाग, दुसऱ्यात दुसरा, असे ठेवत गेले की जोडताना उलट क्रमाने उचलायचे एवढेच उरते. खळग्यांना भोके असलेले पात्र मात्र घेऊ नये, आणि एकदा पेट्रोल लागलेले पात्र स्वयंपाकघरात परत नेऊ नये.

याखेरीज जुना टूथब्रश, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, भांडी घासायचा द्रव साबण, पांढरे व्हिनेगर, खायचा सोडा, औषधाच्या दुकानात मिळणारी १० मिलिलिटरची सिरिंज, सायकलचा पंप आणि त्याला लावायची फुटबॉलमध्ये हवा भरण्याची पोकळ सुई, १० मिलिमीटरचा पाना, पेचकस, निमुळत्या तोंडाची पक्कड आणि कपभर ताजे पेट्रोल एवढे असावे. छिद्रे साफ करण्यासाठी इस्त्रीच्या किंवा टेबललॅम्पच्या जुन्या लवचीक वायरीचा वीतभर तुकडा सोलून आतली तांब्याची एकेक तार वेगळी करून ठेवावी. अशा वायरीतली तार बहुधा ०.२ मिलिमीटर जाडीची असते आणि पितळेपेक्षा मऊ असल्याने जेटला ओरखडा पाडत नाही.

आगीबद्दल थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरवरच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. म्हणून हे काम उघड्यावर, दिवसाउजेडी करावे. स्वयंपाकघरात, देवघराच्या आसपास किंवा इन्व्हर्टरच्या शेजारी करू नये. पेट्रोल ओढण्यासाठी नळी तोंडाला लावू नये. इंजिन पूर्ण थंड असावे आणि पहिले काम म्हणजे स्पार्क प्लगची टोपी ओढून बाजूला बांधून ठेवावी, कारण पाते हाताने फिरले तरी इंजिन फिरते आणि तसे ते क्षणभर सुरूही होऊ शकते.

कार्बोरेटर उतरवणे

पेट्रोलचा कॉक बंद करावा. कॉक नसेल तर टाकी रिकामी करावी किंवा नळीवर कापडाची घडी ठेवून ती पक्कडीने हलकेच चिमटावी. एअर फिल्टरची पेटी काढली की मागे कार्बोरेटर दिसतो. आता हात आवरून आधी मोबाइलने तीन बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. गव्हर्नरची (इंजिनाची गती आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेची) काडी कोणत्या भोकात आहे, केसासारखी बारीक स्प्रिंग कोणत्या भोकात आहे आणि तिचे आकडे वरून अडकवले आहेत की खालून, हे सर्व छायाचित्रात स्पष्ट दिसले पाहिजे. शेजारी-शेजारी दोन-तीन भोके असतात आणि स्प्रिंग चुकीच्या भोकात गेली, तर इंजिन ठरलेल्या गतीपेक्षा जास्त पळते. ही केवळ आवाजाची बाब नाही, खाली पाते फिरत असते.

दोन लांब बोल्ट किंवा नट सोडवले की कार्बोरेटर, त्यामागचे पॅकिंग, मधला जाड प्लॅस्टिकचा ठोकळा आणि आणखी एक पॅकिंग असे एकामागोमाग निघतात. ही पॅकिंगे दिसायला सारखी असली तरी त्यांची भोके वेगळी असतात. म्हणून निघालेल्या क्रमाने आणि त्याच बाजूने ती एका जाड दोऱ्यात ओवून ठेवावीत. चिकटलेले पॅकिंग नखाने सावकाश सोडवावे. फाटलेच, तर स्पेअर पार्टच्या दुकानातून पॅकिंग पेपर आणून त्यावर जुन्याचा ठसा घेऊन कापता येते. बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा वापरण्याचा मोह टाळावा, कारण तो पेट्रोलने भिजून लवकर फुगतो.

उघडणे

कार्बोरेटर परातीत धरून वाटीच्या तळाचा बोल्ट सोडवावा. काही ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिनांमध्ये हा बोल्ट म्हणजेच मुख्य जेट असतो, त्यामुळे त्याच्या अंगावर बारीक भोके आहेत का, हे पाहून ठेवावे. वाटी निघाली की तिच्या तळाशी आजाराचा पुरावा सापडतो: कधी शेवाळासारखा हिरवट गाळ, कधी गंजाची पूड, कधी पारदर्शक पाण्याचे गोळे, जे पेट्रोलमध्ये न मिसळता इकडून तिकडे घरंगळत राहतात.

फ्लोटची पिन एका बाजूने ढकलून काढावी. फ्लोट उचलताच त्याला अडकलेली सुई सोबत येते. तिचा तांब्याचा किंवा पोलादी चिमटा आणि बारीक स्प्रिंग हरवण्यात पटाईत असतात. फ्लोट कानाजवळ नेऊन हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटला आहे आणि बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. मधल्या खांबाच्या पोटात मुख्य जेट असतो. त्याच्या खाचेत बरोबर बसणारा पेचकस वापरावा. लहान पेचकसाने पितळेची खाच एकदा का झिजली की जेट बाहेर येणे अवघड होते. जेटनंतर कार्बोरेटर उलटा धरून लाकडावर हलकेच आपटल्यास एक लांबट पितळी नळी घसरून बाहेर येते, जिच्या अंगाला आडवी बारीक भोके असतात. बरेच जण ही नळी आत आहे हे लक्षातच न येता साफसफाई उरकतात आणि मग यंत्र पुन्हा तसेच रुसते. बऱ्याच होंडा कार्बोरेटरना वरच्या अंगाला, गती ठरवणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्क्रूखाली, दाबून बसवलेला छोटा काळा पायलट जेट (इंजिन मंद चालताना पेट्रोल देणारा) असतो. स्क्रू काढून तोही अलगद उचकटून काढावा.

धुणे आणि छिद्रे मोकळी करणे

रबराची ओ-रिंग, पॅकिंगे, सुई आणि प्लॅस्टिकचे भाग आधी वेगळे काढावेत. त्यांना साबणाचे पाणी पुरेसे आहे. थिनर किंवा नखांचा रंग काढायचे ॲसिटोन त्यांना लागले, तर रबर फुगते आणि प्लॅस्टिक विरघळते. नुसत्या पेट्रोलनेही ओ-रिंग फुगून वाटीच्या खाचेत बसेनाशी होते. ती उघड्यावर रात्रभर ठेवली की बहुधा पूर्ववत आक्रसते, म्हणून लगेच फेकून देऊ नये.

धातूचे भाग झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ताज्या पेट्रोलमध्ये अर्धा-पाऊण तास भिजत ठेवावेत. पेट्रोलचा डिंक पेट्रोलमध्येच सैल होतो. मग टूथब्रशने घासून, पेट्रोल पूर्ण निथळून आणि उडून गेल्यावर, हे भाग द्रव साबण घातलेल्या कढत पाण्यात बुडवावेत. पाणी दुसरीकडे तापवून अंगणात आणावे. कार्बोरेटर भांड्यात घालून गॅसवर उकळण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

व्हिनेगर पांढऱ्या भुकटीसाठी आणि हिरव्या थरासाठी राखून ठेवावे. डिंकावर त्याचा उपयोग नाही. कार्बोरेटरचे अंग जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि आम्ल त्यालाही खाते. दहा मिनिटे, फार तर पंधरा, आणि डोळ्यांसमोर. मी एकदा ‘रात्रभर राहू दे, चांगले निघेल’ म्हणून झोपलो आणि सकाळी हाती आला तो काळवंडलेला, देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेला तुकडा. व्हिनेगरमधून काढल्यावर ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्यात बुडवावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करावे.

आता मुख्य काम. अनेक जपानी घडणीच्या जेटवर कोरलेला आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो; म्हणजे ७० लिहिले असेल तर छिद्र सुमारे ०.७ मिलिमीटरचे. पायलट जेटचे छिद्र याच्या जवळपास निम्मे असते. जेट चिमट्यात धरून आकाशाकडे रोखून पाहावा. साफ जेटमधून काठ रेखीव असलेला गोल, पांढरा उजेड दिसतो. बुजलेल्या जेटमधून काहीच दिसत नाही. पण फसवतो तो तिसरा प्रकार: उजेड दिसतो, मात्र मधासारखा पिवळा. छिद्रावर डिंकाचा पारदर्शक पडदा तसाच असतो आणि पाहणाऱ्याला छिद्र मोकळे वाटते. तांब्याची एक तार पेट्रोलमध्ये बुडवून छिद्रातून आरपार ओवावी आणि सुतारासारखी करवत न चालवता, सुईत दोरा ओढावा तशी सरळ मागे-पुढे न्यावी. मुख्य जेटसाठी दोन-तीन तारांना एकत्र पीळ देऊन घ्यावा. शिवणाची सुई, टाचणी किंवा सेफ्टी पिन वापरू नये. पोलाद पितळेला कोरते आणि छिद्र किंचित मोठे झाले तरी पेट्रोलचे प्रमाण बिघडते. मग यंत्र काळा धूर ओकते, प्लगवर काजळी धरते आणि दोष नव्याने शोधावा लागतो. लांबट नळीची आडवी भोकेही एकेक करून याच पद्धतीने तारेने साफ करावीत.

अंगातल्या वाटा डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्या सिरिंजने तपासाव्यात. सिरिंजची सुई काढून टाकावी, तोंड पायलट जेटच्या खोबणीत दाबून साबणाचे पाणी आत सोडावे आणि थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी वाट कमी-जास्त उघडणाऱ्या, चकतीजवळ पाहावे. तेथे काठाला दोन-तीन अगदी बारीक भोके असतात. चकती थोडी उघडली की प्रत्येकातून पाण्याची सुतासारखी धार निघाली पाहिजे. एखाद्यातून ती येत नसेल तर तिथेच तार घालावी, पुन्हा पाणी सोडावे. सगळ्या वाटांतून धारा आल्या की सायकलच्या पंपाने, पोकळ सुई प्रत्येक भोकाशी धरून, हवा मारून पाणी काढावे. या वेळी डोळ्यांवर चश्मा असावा आणि फ्लोट व सुई जागेवर नसावीत. शेवटी सर्व भाग तासभर उन्हात, पांढऱ्या कापडावर वाळवावेत. आत राहिलेला पाण्याचा एक थेंब ही सगळी मेहनत फुकट घालवू शकतो.

सुई बसते ती जागा कापसाच्या ओल्या काडीने गोल फिरवून पुसावी. सुईच्या रबरी टोकावर गोल खाच पडलेली दिसली तर सुई बदलावी. ही वस्तू स्वस्त आहे आणि तिच्यावर काटकसर केल्यास पेट्रोल ठिबकत राहते.

जोडणी आणि पडताळणी

जोडताना इडलीपात्राचे खळगे उलट्या क्रमाने रिकामे करत जावे. नळी, मग जेट. जेट बोटांनी टेकेपर्यंत फिरवून पेचकसाने थोडासाच आवळावा. फ्लोट बसवल्यावर वाटी लावण्याआधी पेट्रोलच्या नळीच्या तोंडाला नळीचा कोरा, स्वच्छ तुकडा लावून हलकी फुंकर मारावी. कार्बोरेटर सरळ धरल्यावर हवा गेली पाहिजे आणि उलटा धरल्यावर अडली पाहिजे. उलटा धरलेला असताना फ्लोट साधारणपणे अंगाच्या कडेला समांतर दिसावा. बाकी जोडणी छायाचित्रांवरून करता येते.

टाकीत ताजे पेट्रोल घालून कॉक उघडावा आणि पाच मिनिटे काहीही करू नये. वाटी भरू द्यावी व कुठे ठिबकते का, ते पाहावे. ठिबकत नसेल तरच प्लगची टोपी लावावी, यंत्र खडे-गोटे नसलेल्या सपाट जागी आणावे, चोक ओढावा आणि मागे उभे राहून दोरी ओढावी. सुरुवातीला थोडा पांढरट धूर आणि एक-दोन ठसके माफ आहेत. दोन मिनिटांनी चोक पूर्ण सोडल्यावर इंजिन एकसुरी चालले पाहिजे. ते अजूनही चढत-उतरत असेल, तर पॅकिंगच्या सांध्यातून हवा शिरत आहे का, हे पाहावे: फवाऱ्याच्या बाटलीने सांध्यावर थोडे पाणी उडवताच आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. आवाज बदलला नाही तर पायलट जेट पुन्हा आकाशाकडे धरून पाहावा लागेल. पहिल्या खेपेला तो पूर्ण साफ झालेला नसणे यात नवल काही नाही.

उरलेले घाण पेट्रोल गटारात किंवा झाडांच्या बुंध्याशी ओतू नये. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून ते जवळच्या गॅरेजला द्यावे. तेथे ते सुटे भाग धुण्यासाठी चालते.

यापुढे ज्या दिवशी हंगामातले शेवटचे गवत कापून होईल, त्या दिवशी यंत्र आत ठेवण्यापूर्वी टाकीतले पेट्रोल काढून घ्यावे, इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे आणि मग वाटीच्या तळाचा बोल्ट सैल करून राहिलेले चमचाभर पेट्रोलही कापडावर टिपून घ्यावे. बोल्ट पुन्हा आवळायला विसरू नये.